खेळण्यातला रणगाडा आणि खरे माप



दुबईत जुमेरा लेक टॉवर्स नावाची वस्ती आहे. ए पासून झेडपर्यंत इंग्रजी अक्षरांची नावे दिलेले उंच इमारतींचे पुंजके, मधे कृत्रिम तळी आणि साऱ्यांच्या मधोमध हिऱ्यांच्या व्यापाराचा अल्मास टॉवर. सप्टेंबर २०२० मध्ये दुबई आणि इस्राएल यांच्या हिरेबाजारांत करार झाला, तेव्हापासून इथे लिफ्टमध्ये हिब्रूही कानावर पडते. मराठी तर आधीपासूनच होती. आम्ही इथली चार-पाच माणसे, काही आपल्या समाजाची, काही पुण्या-नगरची, शनिवारी रात्री हवदाला आटोपल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरून डायकास्ट रणगाडे आणि लष्करी गाड्या घेऊन बसतो. डायकास्ट म्हणजे वितळलेले जस्त पोलादी साच्यात दाबाने ओतून केलेले मॉडेल. हातात घेतले की जड लागते तेच.

अश्दोद, दिमोना आणि ठाण्याहून नातेवाईक आम्हाला एकच प्रश्न विचारतात: "खोक्यावर १:७२ लिहिले आहे, ते खरे का? आणि आपल्या माणसाचा रणगाडा तसाच्या तसा करून मिळेल का?" त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हा लेख. हा छंद महाग आहे, एका मॉडेलला चांगले पैसे पडतात आणि विकणारा जे सांगतो ते तपासून घेण्याची सोय घरातच आहे. शिवाय आपल्या कित्येक घरांत कोणीतरी खऱ्या रणगाड्यात बसलेले आहे. त्यांच्यापुढे चुकीचा रणगाडा ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या घराचा फोटो फ्रेम करून भेट देण्यासारखे आहे.

आधी प्रमाण म्हणजे काय ते पाहू. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचे ७२ मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर होतात. हे आकडे असे विचित्र का, असे पुष्कळांना वाटते. त्याचे कारण इंच आणि फूट. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, १:४८ म्हणजे पाव इंचात एक फूट. १:७६ आणि १:४३ ही प्रमाणे खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आली: एका फुटाला ४ मिलिमीटर धरले की १:७६, ७ धरले की १:४३. १:५० हे फ्रान्सच्या सोलिडो कंपनीने लष्करी गाड्यांसाठी रूढ केले. १:३५ ची गोष्ट गमतीची आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६१-६२ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरवला आणि मग हिशेब केला तर तो पस्तिसावा हिस्सा निघाला. आज अर्धे जग त्या बॅटऱ्यांच्या मापाने रणगाडे बनवते.

आणखी एक प्रमाण आहे, ते कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते. ते म्हणजे खोक्याचे प्रमाण. इंग्लंडच्या लेझ्नी कंपनीने मॅचबॉक्स गाड्या काढल्या तेव्हा प्रत्येक गाडी काडेपेटीएवढ्या खोक्यात बसली पाहिजे हा नियम होता. म्हणून जीप आणि रणगाडा जवळपास एकाच लांबीचे निघत. मुलांना त्याचे काही वाटत नाही. कपाटात शेजारी शेजारी मांडले की मात्र जीपचा ड्रायव्हर रणगाड्याच्या कमांडरच्या दुप्पट दिसतो.

आता मोजमाप. साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या, प्लॅस्टिकचाही चालेल. लोखंडी पट्टीने अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होतो आणि १:७२ ला अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर ३६ मिलिमीटर, दोन बोटे. खऱ्या गाडीचे माप मिलिमीटरमध्ये लिहा, त्याला मॉडेलच्या मापाने भागा, जे उत्तर येईल ते मॉडेलचे प्रमाण. पण हे एकदा करून थांबू नका. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वेगवेगळी भागा.

सेंच्युरियन रणगाड्याचे उदाहरण घेऊ. त्याची बाजूच्या पत्र्यांसकट रुंदी सुमारे ३३८० मिलिमीटर, तोफ सोडून लांबी सुमारे ७६०० आणि उंची सुमारे ३०१०. समजा तुमच्या जुन्या मॉडेलची रुंदी ५५ मिलिमीटर भरली, तर ३३८० भागिले ५५, उत्तर ६१. लांबी १३० भरली, तर ७६०० भागिले १३०, उत्तर ५८. उंची ४५ भरली, तर ६७. म्हणजे हा रणगाडा एकाच वेळी तीन प्रमाणांत आहे: लांबीला मोठा, उंचीला बुटका. असा रणगाडा पाहिला की डोळ्यांना काहीतरी खटकते पण काय ते सांगता येत नाही. कारण हेच. अस्सल १:७२ असेल तर रुंदी ४७ मिलिमीटरच्या आसपास, उंची ४२ आणि लांबी साधारण १०५ ते १०६ भरली पाहिजे. १:५० असेल तर हीच मापे ६८, ६० आणि १५२.

लांबी मोजताना तोफ धरू नका. तोफेची नळी कारखान्यात मुद्दाम आखूड किंवा जाड करतात, मुलाच्या हातात मोडू नये म्हणून. कुठपर्यंतची चूक चालवून घ्यावी? आमच्या मते दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक डोळ्याला कळत नाही. पाच टक्क्यांच्या वर गेला की शेजारच्या मॉडेलबरोबर तुलना होते आणि तो उघडा पडतो. १:४८ आणि १:५० शेजारी शेजारी खपून जातात. १:७२ आणि १:७६ यांच्यात साडेपाच टक्क्यांचा फरक आहे, ते दोन वेगळ्या फळ्यांवर बरे. १:४३ च्या जीपमागे १:५० चा रणगाडा आम्ही ठेवू देत नाही, पाहुणे कितीही आग्रह करोत.

जीपचे माप सर्वांत सोपे, कारण तिथे लबाडीला जागा कमी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर मोजा. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप घ्या किंवा महिंद्रांनी मुंबईत बनवलेली सीजे-३बी घ्या, दोघींचे हे अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. १:७२ ला ते २८ मिलिमीटर, १:४३ ला ४७, १:३२ ला ६३ ते ६४. अंतर एक असले तरी या दोन जीपा एक नव्हेत. सीजे-३बी मध्ये उंच हरिकेन इंजिन बसवले, त्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. समोरून पाहिले तर जाळीच्या वर कपाळ मोठे दिसते. बाजारात बहुतेक मॉडेल बुटक्या बॉनेटच्या विलिसचे मिळते. त्याला हिरवा रंग फासून "भारतीय लष्कराची जीप" म्हणून विकतात. बॉनेटखाली दीड-दोन मिलिमीटरच्या प्लॅस्टिक पट्टीची भर घालून जाळीची वरची कड पुटीने उंच केली तर १:४३ मध्ये हे रूप बऱ्यापैकी जमते.

१० सप्टेंबर १९६५ ला असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे टिपले आणि प्राण दिला. ती जीप करायची इच्छा पुष्कळांना असते. तेव्हा लक्षात ठेवा, ही १०६ मिलिमीटरची म्हणून ओळखली जाणारी तोफ सुमारे ३ मीटर ४० सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे जीपपेक्षाही किंचित लांब. १:४३ ला ती ७९ मिलिमीटर भरते. बहुतेक खेळण्यांवर ती निम्म्या लांबीची असते आणि त्यामुळे सारा डौलच जातो. तशीच तोफ जीपवर बसवून त्साहालनेही वापरली, तेव्हा एकदा पितळी नळीची तोफ करायला शिकलात की दोन्ही देशांच्या जीपा होतील.

आता जस्ताच्या मर्यादा. साच्यातून ओतीव भाग सुटून यावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. तसेच भिंत फार पातळ करता येत नाही, साधारण एक मिलिमीटर धरा. १:७२ वर हा एक मिलिमीटर म्हणजे ७२ मिलिमीटर जाडीचा पत्रा! चिखलरोधकाचा, सामानाच्या पेटीचा किंवा काचेच्या चौकटीचा पत्रा खरोखर एक-दोन मिलिमीटरचा असतो. म्हणून डायकास्ट गाड्या ओबडधोबड दिसतात आणि म्हणून सुधारणा करायची झाली तर पहिला हात कडांना लावावा. बारीक कानशीने चिखलरोधकाची फक्त बाहेर दिसणारी कड आतून तिरकी तासा. पूर्ण पातळ करायची गरज नाही, कड पातळ दिसली की डोळा बाकीचे मानून घेतो. दुसरा हात पकडण्याच्या कड्यांना. ओतलेल्या गुठळ्या तासून टाकून तिथे तांब्याची तार लावा. जुन्या वायरीतली ०.३ मिलिमीटरची तार १:७२ वर २२ मिलिमीटरची होते, खऱ्या कडीला ते शोभते. साधा छपाईचा कागद ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे ७ मिलिमीटर; पट्टे आणि ताडपत्रीची बंधने त्याचीच करावीत. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळावा. जुने लोक वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरचा मऊ पत्रा वापरायला सांगत. आमच्या कोकणातल्या आजोळी किद्दुश काळ्या मनुकांच्या सरबतावर व्हायचा, तिथे तो पत्रा कुठून मिळणार! आणि त्या जुन्या पत्र्यात शिसे असे, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये.

सेंच्युरियनकडे पुन्हा येतो, कारण आपल्या वाचकांसाठी याच्याइतका जवळचा रणगाडा दुसरा नाही. इंग्लंडने बनवला, भारताने घेतला, इस्राएलनेही घेतला. एकच मॉडेल घेऊन त्याचे दोन रणगाडे होतात आणि त्या दोहोंतला फरक समजला की सुधारणेची सारी कला समजते.

पहिला रणगाडा जेएक्स २०२, नाव 'फामागुस्ता'. १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. रणगाडा पेटलेला असताना तो सोडून येण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. वय २१. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्याच दिवशी ढाक्याला शरणागतीची कागदपत्रे घेऊन मेजर जनरल जेकब गेले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रणगाडा नंतर दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. फामागुस्ता हे सायप्रसमधल्या शहराचे नाव. १९४६ ते १९४९ या काळात इंग्रजांनी पन्नास हजारांहून अधिक ज्यूंना सायप्रसच्या छावण्यांत अडकवून ठेवले, त्यांतल्या काही छावण्या याच शहराजवळ होत्या. इस्राएलमधला वाचक हे नाव पांढऱ्या अक्षरांत टरेटवर पाहतो तेव्हा त्याला आधी ते आठवते. आम्ही पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगतो.

दुसरा रणगाडा शोत काल. शोत म्हणजे चाबूक. इस्राएलने सेंच्युरियनवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली आणि १९७० पासून जुने पेट्रोलचे मिटिओर इंजिन काढून कॉन्टिनेंटलचे डिझेल इंजिन घातले. 'काल' हे त्या कॉन्टिनेंटलवरूनच. ऑक्टोबर १९७३ मध्ये गोलानवर, एमेक हाबाखामध्ये, सातव्या ब्रिगेडने ज्यांच्या जोरावर सीरियाचे रणगाडे थोपवले ते हेच.

फरक कुठे शोधायचे? मागून सुरुवात करा. डिझेल इंजिन जुन्या जागेत मावत नव्हते, म्हणून शोत कालचा मागचा भाग, इंजिनावरचे छप्पर, उंच केलेले आहे. साध्या सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर धुराच्या नळकांड्यांचे लांबट सायलेन्सर असतात. शोत कालवर ते नाहीत, त्यांच्या जागी हवा गाळणाऱ्या मोठ्या पेट्या आहेत. एवढे दोन बदल केले नाहीत आणि नुसता करडा रंग देऊन हिब्रू अक्षर चिकटवले, तर तो रणगाडा शोत काल होत नाही. हा धंदा पुष्कळ दुकाने करतात. मिटिओर इंजिन ठेवलेले शोत इस्राएलकडे आधी होते, त्यांना शोत मिटिओर म्हणत. तेव्हा १९६७ चा रणगाडा करायचा असेल तर सायलेन्सर राहू द्या. वर्ष आधी ठरवा, मग कानस हातात घ्या.

मग तोफ. १९६५ च्या युद्धात भारताच्या सेंच्युरियनवर २०-पाउंडर तोफ होती, नळीचा व्यास ८४ मिलिमीटर. १:५० ला नळीचे भोक १.७ मिलिमीटर. १०५ मिलिमीटरचे भोक १:५० ला २.१, १:७२ ला दीड मिलिमीटर. नळीच्या मध्यावर जो फुगवटा दिसतो तो धूर बाहेर काढण्याचा. २०-पाउंडरवर तो नळीभोवती सारखा असतो. इंग्लंडच्या १०५ मिलिमीटर तोफेवर तो एका बाजूला सरकलेला, वर उचललेला असतो. अंधुक फोटोतही यावरून तोफ ओळखता येते. खेळण्यावरचा फुगवटा नेमका मध्यभागी असतो. तो कापून, पितळी नळीवर पुटीचा नवा फुगवटा किंचित वर सरकवून करावा लागतो. काम एका संध्याकाळचे, फरक जन्माचा.

बाजूच्या पत्र्यांबद्दल वाद घालू नका. काही रणगाड्यांवर ते पूर्ण होते, काहींवर अर्धे गळून पडलेले, काहींवर नव्हतेच. ज्या रणगाड्याचे मॉडेल करता त्याचा फोटो पाहा. पत्रे काढायचे ठरवले तर आतली सहा चाके, दोन-दोनच्या जोड्या आणि साखळपट्टा उघडा पडतो. मॉडेलचा पट्टा रबराचा असतो आणि धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला. खऱ्या पोलादी पट्ट्याला वजनाने झोल येतो. वरच्या छोट्या चाकांवर त्याला थोडासा डिंक लावून दाबून धरा.

अश्दोदला आमचे एक मामा आहेत. १९७३ मध्ये ते शोतवर तआन-काशार होते, म्हणजे तोफेत गोळे भरणारा आणि वायरलेस सांभाळणारा. चौघांत मेफाकेद म्हणजे कमांडर, तोथान म्हणजे तोफ डागणारा, नहाग म्हणजे चालक आणि चौथा हा. सेंच्युरियनमध्ये त्याची जागा टरेटमध्ये डावीकडे, त्याचे झाकण दोन फाळक्यांचे. मामा युद्धाबद्दल घरी फारसे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी रणगाडा करायला घेतला तेव्हा आम्ही तोफ, रंग, नंबर याबद्दल बरेच प्रश्न लिहून पाठवले. उत्तर एका ओळीचे आले: "डावे झाकण उघडे ठेवा, आत हवा नसते."

डायकास्ट मॉडेलवर ते झाकण टरेटबरोबरच ओतलेले होते. उघडायचे म्हणजे जस्त कापायचे. तशी गरज इतरांनाही पडेल म्हणून रीत सांगतो. टरेट आधी वेगळे करा. झाकणाच्या कडेच्या आत पेन्सिलने रेघ मारा आणि एक मिलिमीटरच्या बिटाने रेघेवर लागून लागून भोके पाडा, हाताच्या ड्रिलने, सावकाश. जस्त मऊ असते आणि बिटाला चिकटते, तेव्हा मधूनमधून तेलाचा थेंब द्या. भोकांमधल्या भिंती चिमट्याने तोडल्या की मधला तुकडा पडतो, मग गोल कानशीने कडा सारख्या करा. निघालेला तुकडा वापरू नका, तो फार जाड असतो. दोन फाळकी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून नवी कापा, तारेची बिजागरी लावा. आतून टरेटला काळपट रंग द्या, नाहीतर उघड्या झाकणातून चकाकणारे जस्त दिसते. माणूस उभा करायचा असेल तर त्याचेही माप घ्या: पाच फूट सात इंचांचा माणूस १:७२ ला २३ ते २४ मिलिमीटर, १:५० ला ३४. मामांच्या रणगाड्यात आम्ही माणूस उभा केला नाही. तसे त्यांनी सांगितले नव्हते.

आता कारागिरीचा रूक्ष भाग, लवकर आटोपतो. मॉडेलचा तळ रिव्हेटांनी बसवलेला असतो. रिव्हेटच्या डोक्यावर चार मिलिमीटरचा बिट ठेवून फक्त डोके उडवा, खांब राखा. पुढे त्याच खांबात भोक पाडून बारीक स्क्रू बसवता येतो. प्लॅस्टिकचे आणि रबराचे सारे भाग काढल्यावरच रंग उतरवा, कारण अॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळते. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो जस्तालाही खातो. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावे. उघड्या जस्तावर रंग नीट धरत नाही, धातूसाठीचा प्रायमर हवाच.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आमच्या घरांच्या बऱ्याचशा खिडक्या पूर्ण उघडत नाहीत आणि एकच एसी सगळ्या खोल्यांत तीच हवा फिरवतो. स्प्रेचा डबा घरात मारलात तर रंगाचा वास बाळाच्या पाळण्यापर्यंत जातो. म्हणून आम्ही पाण्यात मिसळणारे रंग ब्रशने देतो, तीन-चार पातळ हात. स्प्रे फक्त बाल्कनी असलेल्या एका घरात आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळ्यात दमट हवेने रंगावर दुधाळ साय येते. तयार मॉडेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. इथल्या जुलैत उभ्या मोटारीत डिंक सुटतो आणि रबरी पट्टे वितळून चाकांना चिकटतात.

रंगाबद्दल एकच गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना पटत नाही. खऱ्या रणगाड्यावरचा रंग आणून तोच मॉडेलला दिला तर तो गडद दिसतो. रणगाडा आपण वीस-तीस पावलांवरून पाहतो, मधली हवा आणि धूळ रंग फिका करते. मॉडेल हातभर अंतरावर असते. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा वाळूचा रंग मिसळावा, मॉडेल जितके लहान तितका जास्त. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा तर वापरूच नये. टायर काळे नसतात, करडे असतात.

खुणा मात्र स्वच्छ वाचता आल्या पाहिजेत. भारतीय लष्कराच्या गाडीच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण आणि मग वर्षाचे दोन आकडे येतात. त्साहालच्या गाडीवर काळ्या पाटीवर पांढरे आकडे आणि त्सादी हे अक्षर. इस्राएली रणगाड्याच्या तोफेवरचे पांढरे वळे बटालियन सांगतात आणि बाजूचा व्ही आकाराचा पट्टा कुठल्या दिशेला तोंड करतो यावरून कंपनी कळते. टरेटवरचा आकडा आणि हिब्रू अक्षर प्लाटून आणि त्यातला रणगाडा दाखवतात. दुकानात मिळणारे चिकटचित्र जसेच्या तसे लावले की दोन वेगवेगळ्या बटालियनचे तुकडे एका रणगाड्यावर येतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ज्यांनी त्यात नोकरी केली त्यांना हे लगेच दिसते, ते सौजन्याने बोलत नाहीत इतकेच.

जुन्या खेळण्यांविषयी आमचे मत ठाम आहे. इस्राएलात १९६० च्या दशकात गामदा नावाची कंपनी डायकास्ट गाड्या बनवत असे. सुरुवातीचे काही साचे इंग्लंडचे होते. त्यांत जीप होती, सेंच्युरियनही होता. पुढे सबरा या नावाने १:४३ च्या अमेरिकन मोटारी निघाल्या आणि अमेरिकेतही विकल्या गेल्या. भारतात कलकत्त्याला निकी टॉइज या नावाने डिंकीच्या साच्यांतून गाड्या निघत. इंग्लंडच्या डिंकीने स्वतःचा सेंच्युरियन १९५४ मध्ये काढला होता. यांतले काही तुमच्या माळ्यावर असेल तर त्याचा रंग उतरवू नका, तोफ बदलू नका, प्रमाण चुकलेले असले तरी राहू द्या. कारागिरीसाठी आजची मॉडेले पुष्कळ आहेत, तो रंग ज्या हातांनी घासला गेला ते हात पुन्हा मिळणार नाहीत.

अशा जुन्या गाडीच्या अंगावर बारीक भेगा दिसल्या, दार फुगले, तळ वाकला, तर तो जस्ताचा रोग आहे. ओतताना जस्तात शिशाचा नाममात्र अंश मिसळला गेला की दमट हवेत धातू आतून कण कण सुटत जातो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्ताचा झामाक हा मिश्रधातू काढला, तेव्हापासून उपाय माहीत आहे, पण स्वस्तात ओतणाऱ्या कारखान्यांत भेसळ पुढेही होत राहिली. हा रोग एका गाडीतून दुसरीत पसरत नाही, तेव्हा घाबरून कपाट रिकामे करू नका. बरा होत नाही हेही खरे. कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवले तर वेग कमी होतो. रायगडच्या पावसाळ्यापेक्षा बीरशेव्याची हवा अशा गाड्यांना मानवते.

खरे रणगाडे पाहून मापे घ्यायची असतील तर दोन जागा. अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम, १९९४ मध्ये उघडलेले. तिथे सेंच्युरियन, शर्मन, विजयंता आणि पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन आहेत. आणि लात्रूनचे याद ला-शिरयोन, जिथे जुन्या पोलिस गढीभोवती शंभराहून अधिक रणगाडे उभे आहेत आणि भिंतीवर आर्मर्ड कोअरमध्ये पडलेल्यांची नावे आहेत. एएमएक्स-१३ हा छोटा फ्रेंच रणगाडाही दोन्ही देशांनी वापरला, दोघांनीही ७५ मिलिमीटरच्या तोफेचा. त्याचे १:५० चे मॉडेल हाती आले तर आधी तोफ पाहा, कारण फ्रान्सने पुढे आपल्या रणगाड्यांवर ९० मिलिमीटरची नळी चढवली.

आमच्या अमिरातीत असे म्युझियम नाही, पण दर दोन वर्षांनी अबू धाबीला आयडेक्स प्रदर्शन भरते, तिथे इथल्या फौजेच्या गाड्या जवळून दिसतात. अमिरातीच्या फ्रेंच लक्लेर्क रणगाड्यात जर्मन एमटीयू ८८३ इंजिन आहे आणि त्यामुळे त्याचा मागचा भाग फ्रेंच लक्लेर्कहून थोडा लांब आहे. त्याच घराण्याचे इंजिन इस्राएलच्या मेर्कावा चारमध्येही आहे. खेळण्याच्या दुकानात मिळतो तो फ्रेंच लक्लेर्क. त्याला वाळूचा रंग दिला तरी शेपूट आखूडच राहते, तिथे प्लॅस्टिकची भर घालावी लागते. प्रदर्शनात फोटो काढताना परवानगी विचारून घ्या. छावणी, चौकी किंवा रस्त्यावरून जाणारा लष्करी ताफा यांचा फोटो मात्र अमिरातीत मुळीच काढू नये. कायदा कडक आहे आणि "मॉडेलसाठी हवा होता" हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

तयार रणगाडा विमानाने न्यायचा असेल तर हातातल्या बॅगेत ठेवू नका. एक्स-रेवर जस्ताचा घट्ट गोळा आणि पुढे नळी असे चित्र दिसते. तोफ काढता येईल अशी बसवा, टरेट वेगळे गुंडाळा आणि सामानाच्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा.

ज्यांच्या घरी गामदाचा सेंच्युरियन असेल त्यांनी कॅलिपरने त्याची तोफ सोडून लांबी, पत्र्यांसकट रुंदी आणि टरेटच्या माथ्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजून संपादकांकडे कळवावी. रंग कोणता आणि तळावर काय कोरले आहे तेही लिहावे. झाकणाला हात लावू नये.